चिंचोक्यांवरची तारीख

आमच्या जळगावच्या ऑफिसात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. हा कंपनीचा नियम नव्हे. कंपनीचे नियम पुण्याहून येतात आणि भिंतीवर चिकटवले जातात. हे आमचं आपलं वळण आहे. काम किती झालं विचारलं तर 'होत आलं', कधी होईल विचारलं तर 'होऊन जाईल', आणि अजिबात होणार नसेल तर 'बघतो ना मॅडम'. टीमची प्रमुख म्हणून ही तिन्ही उत्तरं मी रोज सकाळी ऐकायची, मनात चरफडायची, आणि दहा मिनिटांनी तीच उत्तरं जरा इस्त्री करून पुण्याला फोनवर सांगायची.

माझं नाव दिपमाला. सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं झाली, त्यातली आठ पुण्यात. नवरा धरणगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आठ वर्षं आमचा संसार शनिवार-रविवारचा होता, आणि त्यातला अर्धा शनिवार बसमध्ये जायचा. कंपनीनं जळगावला शाखा काढायची ठरवली तेव्हा सगळ्यात आधी मी हात वर केला. आता मी संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या गॅसवर स्वतःचा चहा करते. बाहेरच्याला यात काही विशेष वाटणार नाही. मला वाटतं.

मार्चमध्ये ऋतिकाचा फोन आला. ऋतिका म्हणजे पुण्यातली आमची वरिष्ठ. वयानं माझ्याहून लहान, बोलायला गोड, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'चालेल ना?' लावायची सवय.

"दिपमाला, त्या केळीवाल्या आबांच्या प्रोजेक्टची तारीख दोनदा पुढे गेलीय. या वेळी पण गेली तर जळगावची जागा सोडून सगळ्यांना पुण्याला आणायचं, असं वर चाललंय. चालेल ना?"

"होऊन जाईल," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण नेमकं कशाला हो म्हटलं तेच आपल्याला ठाऊक नाही. तारीख पाळायला, की पुण्याला जायला? मला पुण्याला जायचं नव्हतं. नवऱ्याची बदली पुण्याला व्हायला सरकार बदलून भागलं नसतं. म्हणजे ऑफिस गेलं की माझ्यापुढे दोनच गोष्टी उरत होत्या, पुन्हा ती बस किंवा घरी बसणं.

प्रोजेक्ट साधा होता, निदान कागदावर. मुक्ताईनगरकडचे जीवराम आबा केळीचे मोठे व्यापारी. शेतकऱ्याच्या बागेत केळी कापायची, गाडी भरायची, वजन करायचं, आणि हिशेब तिथल्या तिथे शेतकऱ्याच्या मोबाईलवर जायला हवा, एवढंच काम. नवं सॉफ्टवेअर तयार होतं. फक्त आबांच्या जुन्या कॉम्प्युटरमधली सगळ्या शेतकऱ्यांची जुनी माहिती नव्यात आणायची राहिली होती. ते काम भूषणकडे होतं. भूषण हुशार पोरगा, धरणगावचाच, हात चालायला लागले की जेवायचं विसरणारा.

आता हे काम किती दिवसांचं, हे ठरवायला ऋतिकानं एप्रिल लागताच पुण्याहून एक खोका पाठवला. त्यात आकडे छापलेले पत्ते होते. पद्धत अशी की काम वाचून दाखवायचं, प्रत्येकानं मनाशी विचार करून आपल्या अंदाजाच्या दिवसांचा पत्ता उपडा ठेवायचा, आणि मग सगळ्यांनी एकदम उलटायचा. आकडे वेगळे निघाले की त्यावर बोलायचं. या पद्धतीत कुणी कुणाच्या दबावाखाली येत नाही, असं खोक्यावर छापलं होतं. खोका छापणारा जळगावला कधी आला नसावा.

मी काम वाचलं. पाच जणांनी पाच पत्ते उपडे ठेवले. मी म्हणाले, "एक, दोन, तीन, उलटा." कुणी उलटेना.

"आधी नाना," भूषण म्हणाला.

नाना म्हणजे तोताराम नाना. आमच्यात वयानं सगळ्यात मोठे. पूर्वी वीस-बावीस वर्षं ते जीवराम आबांकडेच हिशेब लिहायला होते, पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर बसले. आता आमच्याकडे सॉफ्टवेअर वापरून त्यातल्या चुका काढतात. नानांच्या आधी आमच्या ऑफिसात कुणी चहाचा कपसुद्धा उचलत नाही, तर पत्ता काय उलटणार. नानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. या बाईला कोणता आकडा आवडेल याचा अंदाज घेतला आणि पत्ता उलटला. दोन.

मग टेबलाखाली थोडी खुसफूस झाली आणि बाकीचे पत्ते उलटले. दोन, दोन, दोन, दोन. सुनिताच्या हातातला तेरा टेबलाखाली जाऊन त्याच्या जागी दोन वर आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. सुनिता चोपड्याच्या वरच्या अंगाची, सातपुड्याच्या पायथ्याची. एरवी फटकळ पोरगी, पण नानांपुढे तीही मवाळ. मला राग आला. पण दोन हा आकडा चांगला होता, म्हणून मी तो पुण्याला कळवला.

आठवड्याभरात ऋतिकानं बाकीच्या शाखांना एक आलेख पाठवला. त्यावर 'जळगाव टीमचं एकमत' असं लिहून शेजारी टाळ्या वाजवणारे हात काढले होते. सॉफ्टवेअर चालू करायचा दिवस ठरला तो आखाजीच्या दुसऱ्या दिवसाचा, सोमवार.

खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजी म्हणजे नुसती अक्षय्य तृतीया वाटते, सोनं घ्यायचा दिवस. आमच्याकडे तो वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघरी पुरण शिजतं, पितरांच्या घागरी भरतात, आणि बापये सकाळपासून पत्त्यांना बसतात. पत्ते म्हणजे जुगारच, पण त्या दिवशी त्याला जुगार म्हणत नाहीत. हे सगळं मला माहीत असून मी शुक्रवारी सगळ्यांना विचारलं, "रविवारी सकाळी दहाला येता ना? शेवटचं बघून घेऊ."

"हो मॅडम," पाचही जण म्हणाले.

रविवारी मी पुरण सासूबाईंच्या हवाली करून, त्यांची नजर चुकवून दहाला ऑफिसात पोचले. कुणी नव्हतं. साडेदहाला नानांना फोन लावला. मागे पत्ते पिसल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"निघालोच मॅडम," नाना म्हणाले.

भूषणला लावला. तोही निघालाच होता. मागे तोच आवाज, आणि कुणीतरी 'टाक ना लवकर' म्हणून ओरडत होतं. सुनिताचा फोन लागला तेव्हा मी तिला निघालीस का विचारलंच नाही, सरळ कुठं आहेस विचारलं. ती बिचारी खरं बोलली. सगळे जीवराम आबांच्या मळ्यात होते. नाना दर आखाजीला जुन्या मालकाकडे जातात आणि या वर्षी त्यांनी टीम बरोबर नेली होती. मॅडमला बोलवायचं की नाही यावर त्यांच्यात चर्चा झाली होती म्हणे, आणि मॅडम कामात असतील असं एकमतानं ठरलं होतं.

मी गाडी काढली. भुसावळपर्यंत मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. पुढे मुक्ताईनगर येईतो त्यातलं निम्मं खोडलं, कारण ते बोलून पुढे ऑफिसात तोंड दाखवता आलं नसतं.

मळ्यात विहिरीजवळ मोठं आंब्याचं झाड. एका फांदीला झोका, त्यावर आबांच्या नाती. झाडाखाली सतरंजी, त्यावर आमची टीम आणि मधोमध पांढऱ्या टोपीत जीवराम आबा. पैसे लावत नव्हते, चिंचोके लावत होते. सगळ्यात मोठा ढीग सुनितापुढे होता. मला पाहून कुणी उठलं नाही, कारण डाव ऐन रंगात आला होता.

"दखाड ना म्हतारा! कितला येळ?" भूषण ओरडला.

पत्ता लवकर दाखव, असं तो चक्क नानांना म्हणाला. मला वाटलं आता नाना उठून जाणार. पण नानांनी पत्ते तोंडावर धरून भूषणलाच सुनावलं, "तुले घाई शे तर तू पड ना बाहेर!" आणि दोघं हसले. आबांनी मला बसायला जागा केली आणि समजावलं, "अक्का, बठ. आखाजीना डाव शे. आठे कोन नाना नही, कोन भाऊ नही." म्हणजे या डावावर कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही.

मी तिथे बसले आणि माझं डोकं सटकलं. म्हणजे तोंड आहे यांना! एकमेकांना खोटं पाडता येतं, नाही म्हणता येतं, फक्त माझ्या ऑफिसात येत नाही. मी आबांच्या पुढ्यातले मूठभर चिंचोके उचलले आणि सतरंजीवर आपटले.

"हा डाव राहू द्या," मी म्हणाले. "माझा डाव खेळा. उद्या सॉफ्टवेअर चालू होणार का? होणार वाटत असेल त्यानं चिंचोके सतरंजीच्या या पट्ट्यावर ठेवायचे. नाही वाटत असेल त्यानं त्या पट्ट्यावर. काय व्हावंसं वाटतं ते नको, काय होणार त्यावर लावा."

झोक्याची करकर ऐकू येत होती. मग सुनितानं आपला सगळा ढीग दोन्ही हातांनी ढकलला. 'नाही'च्या पट्ट्यावर. भूषणनं आपल्याच कामाविरुद्ध सगळं लावलं. उरलेल्या दोघांनीही तिकडेच लावलं. नानांनी सवयीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि चिंचोके 'नाही'कडे सरकवले.

"आणि तुमी, मॅडम?" भूषणनं विचारलं.

मघाशी आपटलेले चिंचोके मी पुन्हा मुठीत गोळा केले. आदल्याच दिवशी मी ऋतिकाला फोनवर 'होऊन जाईल' म्हणाले होते, तेही दोनदा. मूठ उघडायला मला वेळ लागला. उघडली ती त्याच पट्ट्यावर. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी फार मोकळंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

"का नाही होणार?" मी भूषणला विचारलं.

भूषणनं नानांकडे पाहिलं. मग आखाजी आठवून बोलला. "नावं, मॅडम. जुन्या माहितीत एकेक शेतकरी सात-सात नावांनी आहे. सुकलाल, सुकलाल भाऊ, सुकलाल वरचा मळा, सुकलाल बोदवडवाला. हे सगळे एकच की चार, ते मशीनला कळत नाही. एका ठिकाणी तर नुसतं 'नेहमीचे' लिहिलंय. दोन दिवसांचं काम नाही हे."

"मग पत्ते उलटताना का नाही बोललास?"

उत्तर नानांनीच दिलं. "कसा बोली तो? त्या नावं मी घालेल शेतस. मन्हा हातनं काम शे ते. मन्हा तोंडवर मन्ही चूक कसा सांगी?" मग म्हणाले, "आनि मी तुमनाकडे दखी दोन टाकं. तुमले दोन पाहिजे व्हतं."

मी डाव पुढे चालवला. मग कधी होईल? एकेक आठवडा घ्यायचा आणि चिंचोके लावायचे. आणि मग जे भांडण झालं ते मी चार वर्षांत ऑफिसात ऐकलं नव्हतं. भूषण म्हणाला दोन आठवडे, सुनितानं त्याला वेड्यात काढलं आणि लग्नसराईत त्याच्या किती सुट्ट्या आहेत ते सगळ्यांसमोर सांगितलं. नाना म्हणाले, मी भूषणच्या शेजारी बसून एकेक नाव सांगितलं तर लवकर होईल. सुनिता म्हणाली, तुम्ही प्रत्येक नावामागची गोष्ट सांगत बसता, तेही धरा. नानांनी ते मान्य केलं. शेवटी सगळ्यांचे चिंचोके मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारवर येऊन थांबले.

हे सगळं जीवराम आबा शांतपणे पाहत होते. त्यांच्याच पैशाच्या सॉफ्टवेअरवर त्यांच्याच सतरंजीवर पैजा लागत होत्या. मी कशीबशी म्हणाले, "आबा, माफ करा. तुम्हाला उद्या हवं होतं."

"माले?" आबा म्हणाले. "माले कोठे उद्या पाहिजे? उद्या मन्हा बठ्ठा मानसं गावले जायेल राहतीन. आखाजीना दुसरा दिवस, कोन केळी कापस?"

"मग सोमवार कुणी ठरवला?"

"ती पुनानी पोर. तिना फोन उना, सोमवारी चालेल ना? मी म्हनं, चालेल. पोर इतली हौसथून इचारी राहिनी व्हती, तिले नही कसं म्हनू?"

ज्या सोमवारसाठी माझं ऑफिस पणाला लागलं होतं तो सोमवार कुणालाच नको होता. मला हसू आलं नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी आलं.

आंब्याखालूनच मी ऋतिकाला फोन लावला आणि नवी तारीख सांगितली.

"पण काल तर तू होऊन जाईल म्हणालीस."

"म्हणाले."

"आणि पत्त्यांवर दोनच दिवस आले होते ना?"

"ते पत्ते वेगळे होते," मी म्हणाले. "ही तारीख खरी आहे."

ती हळू आवाजात म्हणाली, "मला वर सांगावं लागेल, दिपमाला."

"सांग," मी म्हणाले. फोन ठेवला. आबांच्या घरातून पुरणपोळीचं ताट आलं ते मी सगळं खाल्लं.

पुढचे दिवस नाना भूषणच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. प्रत्येक नावाची गोष्ट सांगायचे, भूषण ऐकायचा आणि नावं जुळवायचा. 'नेहमीचे' म्हणजे स्वतःच्या मळ्यातली केळी घालणारे खुद्द जीवराम आबाच निघाले. मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी सॉफ्टवेअर चालू झालं. पहिल्या गाडीचा हिशेब शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेला, आणि त्यानं आबांना फोन करून विचारलं की हा मेसेज खरा आहे की फसवणुकीचा. एवढी एकच अडचण आली.

त्याच आठवड्यात ऋतिका स्वतः जळगावला आली. मे महिन्यात पुण्याचा माणूस जळगावला येतो तेव्हा कारण गंभीर असतं. टोपी, गॉगल, स्कार्फ हे सगळं उतरवून ती टेबलाशी बसली. टेबलावर पत्त्यांच्या खोक्याऐवजी चिंचोक्यांची वाटी होती. हे काय म्हणून तिनं विचारलं, तेव्हा सुनितानं सगळी पद्धत सांगितली. काय व्हावंसं वाटतं ते नाही, काय होणार त्यावर लावायचं. ऋतिका हसली, पण ऐकून घेतलं.

मग तिनं घसा साफ केला. "काम छान झालं. पण शाखा बंद करायचं वर जवळजवळ पक्कं आहे. दिपमाला, तुला पुण्यात मोठी टीम मिळेल, पगारही वाढेल. बाकीच्यांची पण सोय होईल. चालेल ना?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणीतरी 'बघतो ना' म्हणायच्या बेतात होतं, तो श्वास मला ऐकू आला.

"नाही," मी म्हणाले.

ऋतिकाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले. "नाही चालणार. मी येणार नाही. माझं घर इथं आहे. हे ऑफिस आतापर्यंत तुम्हाला आवडतील त्या तारखा देत होतं, आता खऱ्या देतंय. त्या नको असतील तर बंद करा. पण मी हो म्हणणार नाही." आवाज चढला होता. चढू दिला.

सुनिता डोळे पुसत होती आणि वर पंख्याकडे बघून ते लपवत होती. ऋतिका गोंधळली. कुणी तिला तोंडावर नाही म्हणायची तिलाही सवय नसावी. तिनं मान हलवली, माझ्या हातावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "ठीक आहे ग. मी बोलते वर. होऊन जाईल."

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तो शब्द आमचा होता. त्याची किंमत आम्हाला पुरती ठाऊक होती.

नानांनी वाटी तिच्यापुढे सरकवली. "ताई," ते म्हणाले, "लावता का?"

ऋतिका वाटीकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि मी पहिल्यांदा तिचा खरा चेहरा पाहिला. दमलेला होता. तिनं मूठभर चिंचोके घेतले, निम्मे परत टाकले, थोडा विचार केला, आणि तेही परत उचलले.

"दिवाळीपर्यंत," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत ऑफिस इथून हलणार नाही. ते माझ्या हातात आहे. त्याच्या पुढचं मला खरंच माहीत नाही." आणि सगळे चिंचोके टेबलावर ठेवले.

दिवाळी काही फार लांब नव्हती. पण पुण्याहून आम्हाला मिळालेली ही पहिली खरी तारीख होती, आणि माझे डोळे भरून आले. नानांनी या वेळी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. वाटीतून आपले चिंचोके काढले आणि तिच्या चिंचोक्यांशेजारी ठेवले.